लिफ्ट नसलेला थ्री बीएचके विकून टू बीएचके घ्यावा का? (कोथरूड, आई ६८, बाबा ७३)

सदाफुली:
तिसरा मजला, लिफ्ट नाही, ९०० चौरस फूट कार्पेट. खरेदी १९९८ ची, नाव एकट्या बाबांचं. मागणी १ कोटी ३५ लाखांची आलीय. त्याच भागात लिफ्टच्या इमारतीत ६०० चौरस फुटांचा टू बीएचके १ कोटीला आहे. बाबा ३५ लाख हाती राहतील असं धरून चाललेत. बायकांना मुद्रांक शुल्कात सवलत असते म्हणून नवं घर आईच्या नावावर घ्यायचा विचार आहे. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चाही सुरू आहे. या हिशेबात काही चुकतंय का?

हिशेबनीस:
दोन गोष्टी चुकताहेत. पहिली, ते ३५ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख. नोंदणी ३० हजार. दोन्हीकडची दलाली २ टक्क्यांनी ४ लाख ७० हजार. स्वयंपाकघराचा ओटा, कपाटं, वायरिंग, बाथरूमची दुरुस्ती धरून ६ लाख तरी लागतातच. खाली उरतात १७ लाख. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर तिमाहीला ३४,८५० रुपये. वाईट नाही, पण पैशासाठी घर लहान करत असाल तर हा आकडा आधी बाबांसमोर ठेवा.

दुसरी चूक महागात पडणारी आहे. एकट्या आईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का, म्हणजे १ लाख वाचेल. पण भांडवली नफ्यावरची (म्हणजे घर विकून झालेला नफा नव्या घरात घातला तर आयकरात मिळणारी) कलम ५४ ची सूट घर विकणाऱ्याला मिळते, म्हणजे बाबांना. नव्या खरेदीखतात त्यांचं नाव नसेल तर ती सूट वादात सापडते. आणि दोघांची नावं घातली की स्त्रियांची सवलत जाते. १ लाख सोडून द्या, बाबांचं नाव पहिलं ठेवा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.)

आता करच पाहू. खरेदी २००१ च्या आधीची, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्या. ती त्या दिवशीच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा ११ लाख निघाली. विक्रीची दलाली वजा करून १२.५ टक्क्यांच्या नव्या पद्धतीने (यात महागाईची वाढ धरत नाहीत) नफा १२१.३ लाख. नवं घर शुल्कासह १०७.३ लाखांचं. उरलेल्या १४ लाखांवर उपकरासह साधारण १ लाख ८२ हजार कर. इथे बरेच जण घाबरून नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या, पण पाच वर्षं अडकणाऱ्या ५४ईसी रोख्यांकडे धावतात. थांबा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, मालक निवासी भारतीय असेल तर, जुन्या पद्धतीचा (मूळ किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून, २० टक्के दराने) हिशेबही करता येतो आणि दोन्हींतला कमी कर भरायचा असतो. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरला तर ११ लाखांचे ४१.३६ लाख होतात आणि नफा ९०.९४ लाख उरतो. तो नव्या घराच्या किमतीपेक्षा कमी, म्हणजे कर शून्य. सीएला दोन्ही हिशेब कागदावर मांडायला सांगा.

नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायला हवं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नाही तर रक्कम बँकेतल्या खास कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा, साध्या बचत खात्यात नको. नवं घर तीन वर्षं विकू नका, नाहीतर सूट परत जाते.

ओळंबा:
पैशाचं झालं, आता टेप घेऊन घर बघायला जा. व्हीलचेअर २५-२६ इंच रुंद असते. बाथरूमची चौकट अडीच फुटी असली तरी चौकटीची आणि पल्ल्याची जाडी वजा जाता मोकळी जागा जेमतेम तेवढीच उरते. तिथे दरवाजा बाहेर उघडणारा हवाच. आत कुणी पडलं तर आत उघडणारा दरवाजा त्याच माणसाला अडतो आणि उघडता येत नाही. उंबरठा किती इंचांचा आहे तेही मोजा.

धरायच्या दांड्या आधीच ठरवा. नव्या इमारतींच्या भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) असतात, त्यात साधा प्लग फिरतो आणि माणसाच्या भाराने दांडी निखळते. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) वापरायला सांगा.

लिफ्ट जनरेटरवर चालते का, ते वीज गेलेली असताना जाऊन बघा. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. उन्हाळ्यात टँकर किती येतात ते सचिवांना नाही, वॉचमनला विचारा.

आणि पोटमाळे! जुन्या घरात तीन-चार माळे असतात, नव्यात एकही नसतो. माळ्यावरचं सामान घर ठरवण्याच्या आधी काढा. बाबांच्या फायली आणि आईची पितळी भांडी कुठे जाणार हे ठरलं नाही तर दुसरी बेडरूम गोदाम होते.

माजी_सचिव:
पुनर्विकासाबद्दल. "चर्चा" म्हणजे काहीच नाही. अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का? सहकार कायद्याच्या कलम ७९अ च्या नियमांप्रमाणे सभा होऊन एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती आलीय का? बिल्डरशी विकसन करार नोंदला गेलाय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर पुनर्विकासात मिळू शकणाऱ्या जादा जागेची किंमत शून्य धरा. करार झाला तरी आधी भाड्याच्या घरात आणि मग परत, अशी दोनदा हलवाहलव आहे. ७३ व्या वर्षी तीन वर्षं वाट बघणं ही छोटी गोष्ट नाही.

घर विकताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. "देणगी"च्या नावाखाली त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागणी मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. आणि बांधकाम चालू असलेलं घर या वयात घेऊ नका. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण, राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) असलेलंच घ्या, त्यावर जीएसटीही लागत नाही.

सदाफुली:
नावाचं अजिबात लक्षात आलं नव्हतं, आभार. आईचा जीव शेजारात अडकलाय, ती अजून "बघू" म्हणते.

हिशेबनीस:
मग विक्रीची घाई नको. त्याच गल्लीत लिफ्टच्या इमारतीत ११ महिन्यांच्या करारावर टू बीएचके भाड्याने घ्या, जुनं घर कुलूप लावून ठेवा. मोजकंच सामान न्या. अकरा महिन्यांत जुन्या घरातून काय काय आणावं लागलं याची वही आईलाच ठेवू द्या.