निवेदक बदलणं म्हणजे नुसती कवायत?

आडवाट: कालच्या कथालेखनाच्या धाग्यावर कोरा कागद यांनी लिहिलंय, 'गोष्टीत दम असेल तर ती "मी"ने सांगा नाहीतर "तो"ने, काही बिघडत नाही. निवेदक बदलून लिहा, ही कार्यशाळेतली कवायत.' वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून वेगळा धागा.

टागोरांची 'काबुलीवाला' घ्या, 1892 ची. सांगतो कोण? छोट्या मिनीचा बाप. तिच्याशी गट्टी जमलेला काबुलीवाला रहमत तुरुंगातून सुटून नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी दारात येतो, बाप त्याला परत पाठवू बघतो. मग रहमत छातीशी जपलेला कागद काढतो. त्यावर लेकीच्या पंजाचा काजळीचा ठसा! त्याला मुलगी आहे हे बापाला तोवर माहीत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. हीच गोष्ट रहमतने सांगितली असती तर ती लेक पहिल्या ओळीपासून सोबत असती. मिनीच्या आईने सांगितली असती तर? तिला तो पोरं पळवणारा वाटायचा. सगळी गोष्ट भीतीची झाली असती.

कोरा कागद: उदाहरण सोयीचं निवडलंत. रडवतो तो ठसा. 'तो'ने सांगणाऱ्या तृतीयपुरुषी निवेदकालाही तो शेवटपर्यंत राखून ठेवता येतो.

सायंतारा: येतो, पण सर्वज्ञ, म्हणजे सगळं जाणणाऱ्या निवेदकाने राखून ठेवलं तर ती लपवाछपवी. बापाला खरंच ठाऊक नव्हतं. आणि जपानी लेखक अकुतागावाची 1922 ची कथा विसरलात? कुरोसावाचा 'राशोमोन' सिनेमा जिच्यावर बेतलाय ती. खून एक, जबान्या सात. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी, आणि मेलेला माणूस मांत्रिकिणीच्या तोंडून म्हणतो मीच जीव दिला. यातली 'दमदार घटना' कुठली, ते दाखवा.

वऱ्हाडी ठेचा: निवेदक बदला म्हणता, पण त्याची भाषा बदलू देता का? माझ्या कथेत दहा वर्षांचा पोरगा सांगत होता, 'मले काई समजलंच नाई.' एका दिवाळी अंकाने न विचारता छापलं, 'मला काहीच समजले नाही.' पोरगा गेला, मास्तर आला! आजीला अंक वाचून दाखवला, तर म्हणाली, हा आपल्या गावचा नाय.

कोरा कागद: संपादकांनाही वाचक सांभाळायचे असतात. संवाद बोलीत ठेवा, निवेदन प्रमाणभाषेत. सगळ्यांना कळतं.

वऱ्हाडी ठेचा: 'सगळ्यांना' म्हणजे कोणाला? आम्ही शाळेपासून तुमची भाषा वाचतो, अडलं का कधी? तुम्ही आमची चार पानं वाचू शकत नाही?

सायंतारा: हेच तर. 'मी' सांगतोय म्हटल्यावर निवेदनच त्याचं बोलणं. अवतरणचिन्हाबाहेर त्याला कोट-टाय कशाला?

कोरा कागद: आवाज चढवू नका. मी कोकणातला आहे, माझ्या आईच्या बोलण्यालाही शाळेत हसले होते. म्हणूनच मी प्रमाणभाषा धरली.

आडवाट: मग तुमची अडचण निवेदकाशी नव्हतीच.

कोरा कागद: असेल. वडिलांच्या आजारपणावरची माझी कथा चार वर्षं पडून आहे, 'तो'ने लिहिलेली. काल रात्री दोन पानं आईच्या तोंडी घालून पाहिली. माझ्या मसुद्यात मुलगा रात्रंदिवस उशाशी बसलेला. आईच्या सांगण्यात तो दारातच उभा राहतो, फोनवर. एवढ्यापुरतं तुमचं खरं. काबुलीवाल्याबद्दल अजून पटलेलं नाही.

वऱ्हाडी ठेचा: आई कोणत्या भाषेत सांगते, ते लिवा आधी.