बॉनेटवरचे टवके आणि दारावरचा चरा: पावसातच हात घालू की थांबू?

डिचोलीकर:
पांढरी गाडी, सहा वर्षं जुनी. ट्रकमागून खडी उडून बॉनेटच्या पुढच्या भागावर तीन टवके गेलेत, मोहरीपासून मिरीएवढे. एकात तांबूस ठिपका दिसतो. शिवाय मागच्या दारावर चिऱ्याच्या वईला (कुंपणाला) घासून वीतभर चरा. चवथ जवळ आलीय, पाऊस थांबत नाही. घरीच करायचं आहे. आत्ता करू का?

जुवारीकाठ:
गंज आत्ता काढा, रंग दसऱ्यानंतर भरा. तांबूस दिसतंय म्हणजे घाव पत्र्यापर्यंत गेलाय, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत गंज कडेच्या रंगाखालून सरकतो. वरून नुसता रंग भरलात तर काही महिन्यांत तिथेच फोड येणार.

कडेचा सुटलेला रंग सुईने उचला. ४०० नंबरच्या वॉटर पेपरचा (घासायच्या कागदाचा) बारीक तुकडा काडीच्या टोकाला चिकटवून फक्त खड्ड्यात फिरवा, पत्रा चकाकेपर्यंत. काळपट टिंब उरलंच तर रस्ट कन्व्हर्टरचा (गंज थोपवणाऱ्या द्रावणाचा) थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने दोन मिनिटं सुकवा, टूथपिकने मेटल प्रायमर (पत्र्यावरचा रंगाखालचा थर). बॉनेट गार हवं, गाडी छपराखाली.

वॉटरपेपर:
रंगासाठी थांबायचं कारण असं. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) दुधाळ होतो. तो दुधाळपणा पॉलिशने सहसा जात नाही.

रंग नावावरून घेऊ नका, कोडवरून घ्या. गाडीप्रमाणे दाराच्या खांबावर किंवा इंजिनपाशी त्या कोडची पट्टी असते. पर्ल (मोत्यासारखी झाक असलेला) पांढरा असेल तर खाली वेगळा पांढरा आणि वर पर्लचा थर लागतो. एकाच बाटलीत काम होत नाही. आधी पांढऱ्या कार्डावर लावून, सुकल्यावर उन्हात गाडीशेजारी धरून बघा.

बाटलीतला ब्रश टवक्यासाठी फार जाड. टूथपिकने मधोमध थेंब सोडा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. सुकताना रंग आक्रसतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार थर. एकदम भरलात तर वर साय धरते आणि आत ओला राहतो. शेवटी क्लिअर, किंचित उंच. आठवडाभराने खोडरबराला २००० चा पेपर गुंडाळून साबणाच्या पाण्याने घासा, मग ३०००, मग रबिंग कंपाऊंड (चकाकी आणणारी घासायची पेस्ट). मूळ क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, बॉनेटच्या कडेवर त्याहून पातळ. तिथे घासाल तर टवक्यापेक्षा मोठं काम होऊन बसेल.

पेडणेवाले:
दाराला आधी भरपूर पाणी मारा. चिऱ्याची रेव अडकलेली असते, कोरडं फडकं फिरवलंत तर नवे ओरखडे. ओला असताना चरा दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटपुरताच. कंपाऊंडने बहुतेक जाईल. तरी दिसला आणि नखही अडकलं तर रंग भरायला ००० चा (अगदी बारीक) ब्रश घ्या, दोन्ही बाजूंना टेप, आणि रंग ओला असतानाच टेप काढा.

डिचोलीकर:
प्रायमर दोन महिने तसाच उघडा ठेवला तर चालेल?

जुवारीकाठ:
नाही, हे सांगायचं राहिलं. प्रायमर पाणी शोषतो. तो सुकला की त्याच कोडच्या रंगाचा एक पातळ थर द्या. दुधाळ दिसला तरी दिसू दे. दसऱ्यानंतर १००० च्या पेपरने हलका घासून त्यावरच पुढचे थर चढवा.