‘मला हे जमेल’ असं कधी वाटू लागलं? नागपुरातले समुपदेशक सांगताहेत

नागपुरात समुपदेशन करणारे, शिकणारे आणि त्यांच्याकडे जाऊन आलेले, सगळ्यांनी लिहा. दुसऱ्याचं दुःख ऐकायला बसताना स्वतःवर भरवसा कशाने आला? भेटीला आलेल्या कुणाची ओळख पटेल असं मात्र काही नको. सुरुवात मी करते.

थेरपिस्ट, धरमपेठ
माझं माहेर नागपुरातल्या महाल भागातलं. निर्णय मोठ्यांनी घ्यायचे आणि आम्ही मुलींनी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायचं. एम.ए. झालं, काम सुरू झालं, तरी समोर कुणी रडू लागलं की माझ्या डोक्यात सल्ल्यांची शोधाशोध सुरू व्हायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स अभ्यासाला होते. 1957 च्या लेखात त्यांनी माणूस बदलायला काय लागतं ते मांडलंय: विनाअट स्वीकार, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि थेरपिस्टने त्या नात्यात आतून-बाहेरून एकच असणं. पहिल्या दोन गोष्टी अंगात होत्या. तिसरीपाशी गाडी अडायची, कारण आपल्याला आत काय वाटतंय हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

म्हणून मी स्वतः थेरपी घेतली. नोकरीविषयी बोलताना त्या बाईंनी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” मी आईचं मत सांगितलं, मग नवऱ्याचं. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या शांततेत बऱ्याच वेळाने माझं मत बाहेर आलं, आणि मला ते पटलं! आता मीही तशी थांबू शकते. एक काकू जाताना म्हणाल्या, “तुमी मधात बोलल्या नाई, म्हणून मले बोलता आलं.” प्रत्येक शिकणाऱ्याने आधी स्वतः त्या दुसऱ्या खुर्चीत बसावं, असं माझं ठाम मत आहे.

शाळेत समुपदेशक, जरीपटका
मला बळ आलं ते एका प्रश्नाने. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ हे सरळ विचारायला मी घाबरायचे. वाटायचं, आपणच ते डोक्यात घालू. प्रशिक्षणात कळलं की विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुलीने इतका मोठा श्वास सोडला की मलाच भरून आलं. पालकांना सोबत घेतलं, डॉक्टरांशी गाठ घालून दिली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक पालकसभेत फळ्यावर लिहिते. तो मोफत आहे आणि रात्रीही चालतो.

समाजकार्याचा विद्यार्थी
प्रादेशिक मनोरुग्णालयात प्रशिक्षणाला होतो. एक आजोबा बरे झालेले, पण घरचा पत्ता जुना. रोज म्हणायचे, “पोरा, पत्र टाकलं काय?” टाकलेलं असायचं, उत्तर नसायचं. मी रोज खरं तेच सांगायचो आणि ते मला बाजूला बसवून घ्यायचे. माझ्या हातात उपाय नसतानाही त्यांना मी चालत होतो. अजून यावर विचार करतोय.

भेटीला जाणारा, पारडी
मी समुपदेशक नाही, तरी लिहितो. झोपेच्या गोळीबद्दल विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “औषध देणं माझं काम नाही, आणि अंदाजाने सांगणार नाही.” त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. त्या दिवसापासून मी त्यांच्यापाशी सगळं बोलतो. आता गोळी आणि बोलणं, दोन्ही सुरू आहे.