दोन आठवड्यांची मिशन ट्रिप, युगांडा - खरंच उपयोग होतो का?

रोहिणी_आर
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या चर्चच्या तरुणांची टीम दोन आठवडे युगांडाला जातेय, कम्पालापासून लांब एका खेड्यात. प्लॅनमध्ये शाळेला रंग देणं, मुलांची बायबल शाळा, एक मेडिकल कॅम्प आणि अनाथाश्रमात दोन दिवस असं आहे. मी अकाउंट्सवाली, ब्रश कधी हातात धरला नाही. घरचे म्हणतात विमानाचे पैसे तिकडे पाठवले असते तर चार रंगारी महिनाभर कामाला लागले असते, आणि खरं सांगू का, मला यावर उत्तर सुचत नाहीये. जावं की नको?

सॅम्युएल_बी
घरचे बरोबर बोलतायत, पण म्हणून जाऊ नको असं नाही. आधी हे बघ की हा प्लॅन केला कुणी, तुमच्या टीमने का तिथल्या चर्चने? रंगारी तिथेही आहेत आणि त्यांना काम हवंय. तू अकाउंट्सवाली आहेस ना, मग तिथल्या पास्टरना सरळ विचार. युगांडात गावोगावी बचत गट आणि सॅको म्हणजे पतसंस्था आहेत, त्यातल्या कुणाला हिशेबाची वही नीट लावायला मदत हवी असेल तर तुझे दोन आठवडे सत्कारणी लागतील. नको म्हणाले तर नको, उगाच गळ्यात मारायचं नाही. आणि जुने कपडे भरून नेऊ नका हां, कम्पालाच्या ओविनो मार्केटमध्ये परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे डोंगर आहेत, त्यात तुमच्या चार बॅगांची भर कशाला.

नर्सताई
मला अनाथाश्रमाचं खटकलं. जगभर अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीमुळे मुलं तिथे ठेवलेली असतात, आणि पाहुणे देणग्या घेऊन येत राहिले की मुलं घरी परत पाठवायची घाई कुणालाच नसते. २०१० मध्ये भूकंपानंतर हैतीत एका अमेरिकन चर्च टीमला ३३ मुलं सीमेपार नेताना पकडलं होतं, त्यातल्या कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत होते. हेतू चांगलाच असेल, पण झालं काय ते बघा. दोन दिवस कडेवर घ्यायचं, जीव लावायचा आणि निघून जायचं, पुढच्या महिन्यात दुसरी टीम, हे त्या लेकरांनी किती वेळा सोसायचं? ते दोन दिवस काढूनच टाका.
मेडिकल कॅम्पचं पण विचारून घ्या. बाहेरच्या डॉक्टरला तिथे तपासायचं तर युगांडाच्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते. आणि बीपीची गोळी सुरू करून तुम्ही गेलात तर पुढची कोण देणार? तिथल्या हेल्थ सेंटरला धरून काम करा.

जुना_पाळक
बाळा, मी जा म्हणेन. सगळं पैशात मोजलं तर कुणी कुणाला भेटायलाच जाणार नाही. फक्त आपण ख्रिस्त घेऊन चाललोय अशा थाटात जाऊ नका. तिथे मिशनरी १८७७ मध्येच पोचले, दहातले आठ लोक ख्रिस्ती आहेत, ३ जूनला नामुगोंगोला हुतात्म्यांच्या सणाला केवढी गर्दी लोटते. उपासनेला मागच्या बाकावर बसा आणि त्यांचा उपदेश ऐका. आणि औषध किंवा वह्या देताना आधी प्रार्थनेला बसा अशी अट नको. रेड क्रॉस वगैरे संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतही हेच आहे की मदतीच्या आडून धर्म पुढे रेटायचा नाही. मुलांबरोबरचे सेल्फी टाकायच्या आधी बायबलमधलं मत्तय ६:३ वाचा, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको, बाकी तुम्ही शहाणे आहात.

रोहिणी_आर
थँक्यू सगळ्यांना. लीडरना अनाथाश्रमाचं बोलले, ते म्हणाले तिकीट बुक झालंय आता प्लॅन कसा बदलणार 😐 तिकिटाचा आणि त्याचा काय संबंध मला कळलं नाही, रविवारी मीटिंगमध्ये परत विषय काढते. पास्टरना हिशेबाचं विचारलंय, उत्तर यायचंय. यलो फिव्हरची लस आधी किती दिवस घ्यायची?

नर्सताई
निदान १० दिवस आधी, त्याआधी सर्टिफिकेट लागूच होत नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पिवळं कार्ड जपून ठेव, परत येताना ते नसेल तर ६ दिवस क्वारंटाइन करतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच विचार, काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात आणि लोक नेमक्या तिथेच सोडतात.