मदत हवी आहे : साथीच्या काळातले कोणते प्लास्टिक पुन्हा वापरावे?

नमस्कार. करोनाच्या साथीत आमच्या इमारतीतील रुग्णांच्या घरचा कचरा वेगळा काढण्याचे काम मी काही महिने केले. पुन्हा तशी वेळ आली तर ठरलेली पद्धत हाताशी असावी म्हणून सध्या एक टिपण लिहीत आहे, आणि त्यात काही ठिकाणी अडलो आहे.

मास्कबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. एकदा पिशवी फाटली, कचरा नेणाऱ्या ताईंच्या बोटांत मास्कचे इलॅस्टिक अडकले आणि त्यांनी ते उघड्या हाताने सोडवले. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. सर्जिकल मास्क कापडासारखा दिसला तरी त्याचे थर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात, शिवाय नाकावर तार असते, त्यामुळे नेहमीच्या पुनर्वापरात तो बसत नाही. इलॅस्टिक कापून, दुहेरी पिशवीत बांधून, वेगळी खूण करूनच तो द्यावा, असे मी लिहिले आहे. काहींनी जाळून टाकण्याचे सुचवले होते, परंतु पिशवीत पीव्हीसीचे (क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचे) हातमोजे असल्यास धुरातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये बाहेर पडतात, म्हणून तो मार्ग मी वगळला.

पहिली अडचण मुदतीची. २०२० मधील प्रयोगांत करोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आढळला होता, त्यावरून आम्ही बाटल्या आणि डबे तीन दिवस बाजूला ठेवून मगच धुवायला घेत असू. पण नोरोव्हायरससारखा उलट्या-जुलाबांचा विषाणू याहून जास्त दिवस टिकू शकतो आणि अल्कोहोललाही सहजी दाद देत नाही. तेव्हा टिपणात सर्वांसाठी एकच मुदत लिहावी, की आजारानुसार वेगवेगळी?

दुसरी अडचण फेस शील्डची. कपाळाकडची फोमची पट्टी काढली की उरणारा पारदर्शक पत्रा रोपांवर झाकण म्हणून उत्तम चालेल असे वाटते. मात्र काही पत्रे पीईटीचे (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचे), तर काही पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकचे असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पत्र्याला अल्कोहोलने वारंवार पुसल्यास बारीक तडे जाऊ शकतात. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे तुकडा पाण्यात तरंगतो की बुडतो यावरून प्लास्टिक ओळखण्याची नेहमीची चाचणी इथे उपयोगी पडत नाही. पत्र्यावर खूण नसेल तर घरच्या घरी फरक कसा ओळखावा?

सॅनिटायझरच्या बाटल्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तळाच्या त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा १ किंवा २ आकडा असेल तर त्या भंगारात घेतल्या जातात. त्यांत ब्लीचचे पाणी मात्र कोणीही भरू नये, कारण उरलेल्या अल्कोहोलशी त्याचा संयोग होऊन घातक वायू तयार होतात. अडतो तो पंप, कारण त्याच्या आत स्टीलची स्प्रिंग असते आणि प्रत्येक पंप हाताने उघडणे मोठ्या संख्येत जमत नाही. आमच्याकडे असे पंप खोकी भरून साठले होते. कोणी ते धुऊन पुन्हा वापरले असल्यास, आतली नळी आणि झडप कशी निर्जंतुक केली, हे कृपया सविस्तर लिहावे.