प्रतिसाद: ‘बॅकबेंड’ला मराठीत काय म्हणायचं?

वर ‘बॅकबेंड म्हणजे चक्रासन’ असं उत्तर आलंय, ते अर्धंच बरोबर आहे. बॅकबेंड हे एका आसनाचं नाव नाही. पाठीचा कणा मागे वळवणारी प्रत्येक कृती त्यात येते: भुजंगासन, शलभासन, धनुरासन, उष्ट्रासन, सगळीच. मराठीत ‘कमान’ हा चपखल शब्द असताना ‘पृष्ठवक्रता’ वगैरे घडवायची गरज नाही.

जिम्नॅस्टिक्समध्ये अर्थ आणखी नेमका होतो. उभं राहून मागे झुकत हात जमिनीवर टेकवणं म्हणजे बॅकबेंड. उताणं झोपून अंग वर उचलून धरणं म्हणजे ब्रिज, ज्याला एरवी चक्रासन म्हणतात. पुण्याच्या अय्यंगार योगपरंपरेत या दुसऱ्या स्थितीला ऊर्ध्व धनुरासन म्हणतात. अष्टांग विन्यास या योगशैलीत तर चक्रासन म्हणजे मागची कोलांटी! त्यामुळे भाषांतर करताना संदर्भ पाहाच.

कमान बिघडते ती बहुधा एकाच कारणाने. कमरेचे 5 मणके मागे सहज वळतात, छातीमागचे 12 मणके बरगड्यांमुळे कमी वळतात. मग सगळा बाक कमरेत पडतो आणि तिथेच कळ येते. पावलं बाहेर फिरली, गुडघे फाकले की हा दाब वाढतो. म्हणून उताणं झोपून कमान करताना पावलं समांतर, कंबरेइतक्या अंतरावर ठेवा, तळवे कानांशेजारी, बोटं खांद्यांकडे. श्वास सोडत आधी कंबर उचला, मग डोकं. कोपरं सरळ होत नसतील तर अडचण बहुतेकदा खांद्यांत असते. कमरेला जोर देऊ नका.

‘बेंड ओव्हर बॅकवर्ड्स’चा मात्र व्यायामाशी संबंध नाही. त्याचा अर्थ एखाद्यासाठी जिवाचं रान करणं.