अनुभव धागा: एकच मुखशिल्प – माती, फोटो, ब्लेंडर, प्लास्टर, सायनोटाइप

शिल्पकला शिकणारी मुलं आता कॅमेरा आणि संगणकही हाताळतात. एकेका माध्यमाची माहिती भरपूर मिळते; गाडी अडते ती एकातून दुसऱ्यात जाताना. शाडूतलं डोकं संगणकात न्यायचं, तिथे बदलायचं, छापायचं, साचा काढायचा, कागदावर उतरवायचं. ज्यांचा ज्या टप्प्यावर हात बसलाय त्यांनी प्रमाणं आणि काय बिघडतं ते लिहावं. आपली कहाणी नको, कृती हवी.

*

फोटोची वेळ मातीवरून ठरवा. ओला शाडू चकाकतो आणि ती चकाकी कॅमेऱ्यासोबत सरकते, त्यामुळे सॉफ्टवेअरला दोन फोटोंतला तोच बिंदू सापडत नाही. पूर्ण वाळू द्यावं तर माती आकसते, आतलं आर्मेचर (आधाराचा सांगाडा) आकसत नाही, आणि मानेपाशी, कानामागे भेगा पडतात. वरची चमक गेलीय पण नख अजून रुततंय, ही वेळ साधायची.

ढगाळ दिवस किंवा उत्तरेची खिडकी. आयएसओ 100, एफ/8, ट्रायपॉड, झूम आणि फोकस एकदा ठरवले की हलवायचे नाहीत. दर 10 अंशांना एक म्हणजे फेरीला 36 फोटो. डोळ्यांच्या पातळीवर, वरून आणि हनुवटीखालून अशा तीन फेऱ्या. स्टँड फिरवू नका, स्वतः फिरा. स्टँड फिरवला की मागची भिंत स्थिर राहते, डोकं फिरतं आणि मेशचा (फोटोंवरून संगणकात बनणाऱ्या जाळीदार आकाराचा) विचका होतो.

*

वरच्यात भर: शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. फोटोंवरून बनलेल्या मेशला खरं माप नसतं, ते नंतर द्यावं लागतं. फोटोंवरून मेश बनवणारं मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण बारकाव्यांसकट मेश हवा तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं.

*

ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय आकार घडवायचं सॉफ्टवेअर) पहिलं काम स्केल. माप बरोबर करून कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा, मगच स्कल्प्ट मोड, म्हणजे ब्रशनं आकार घडवणं. रीमेश म्हणजे जाळी नव्यानं विणणं; त्याचा व्हॉक्सेल साइज (जाळीच्या घराचं माप) मुळात 0.1 मीटर असतो. 25 सेंमीच्या डोक्यावर तसंच कंट्रोल-आर दाबलं की नाक-डोळे जाऊन ठोकळा उरतो. 0.001 मीटर ठेवा. साधारण दोन लाख फेसेस (जाळीचे छोटे पृष्ठभाग) होतात, साधा लॅपटॉपही ओढतो.

स्मूथ ब्रश बेतानं वापरा. मातीवरचे अंगठ्याचे दाब, कोरणीचे ओरखडे हेच त्या कामाचं हस्ताक्षर, आणि स्मूथच्या दोन-तीन हातांत ते पुसलं जातं. सिमेट्रीही बंद ठेवा. जिवंत चेहऱ्याच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात.

थ्रीडी प्रिंटसाठी द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. मीटरमध्ये केलेलं 0.25 चं डोकं स्लायसर (प्रिंटरसाठी आकाराचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) पाव मिलिमीटरचं समजतो. एक्स्पोर्ट करताना स्केल 1000.

*

थ्रीडी प्रिंटवरून साचा काढणाऱ्यांसाठी. प्रिंटचे 0.2 मिमीचे थर प्लास्टरमध्ये जसेच्या तसे उमटतात. 220 आणि मग 400 चा पॉलिशपेपर, त्यावर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो तो प्रायमर सरफेसर, वाळल्यावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात.

प्लास्टर एक किलो, पाणी साधारण 700 मिली. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, उलट केलं की गुठळ्या होतात. दोन मिनिटं भिजू द्या आणि हात पाण्याखालीच ठेवून ढवळा, म्हणजे बुडबुडे येत नाहीत.

प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि पीएलए (प्रिंटचं प्लास्टिक) 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. जाड थर एकदम ओतला की गाल आत बसतात. पहिला थर सेंटिमीटरभर, तो निवल्यावर पुढचा. प्रिंटच्या भिंतीला 0.4 मिमीच्या नोझलचे निदान चार फेरे हवेत.

*

सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हानं निळं चित्र छापणं. ही पद्धत जॉन हर्शेल यांची, 1842 ची, आणि आजही कॉलेजच्या गच्चीवर जमते.

अ: फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) 25 ग्रॅम, 100 मिली पाण्यात. ब: पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम, 100 मिली पाण्यात. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत. लावायच्या वेळी समभाग मिसळा. ‘अ’वर बुरशी धरते, म्हणून थोडंच करा. फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल अजिबात नको, विषारी वायू सुटतो.

ब्लेंडरमधून एकाच बाजूच्या प्रकाशात रेंडर (आकाराचं सपाट चित्र) काढा, निगेटिव्ह करा आणि आडवं उलटवा, म्हणजे छपाईची बाजू कागदाला चिकटते आणि रेषा धारदार येते. लेझर प्रिंटरचा काळा ऊन अडवायला अपुरा पडतो. निगेटिव्ह छापलेल्या दोन ट्रान्सपरन्सी (पारदर्शक फिल्म) नेमक्या एकावर एक जुळवा.

पिवळ्या मंद बल्बखाली लेप, अंधारात वाळवण. पावसाळ्यात लेप दमट राहून पांढऱ्या जागा निळसर होतात, तेव्हा ड्रायरची गार हवा द्या. कडक उन्हात 5 ते 15 मिनिटं, पण घड्याळापेक्षा रंग बघा: निगेटिव्हबाहेरच्या कडा राखाडी-तपकिरी झाल्या की उचला. कमी उन्हाचं चित्र धुण्यात वाहून जातं.

*

धुण्याबद्दल. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर निळा रंग फिका पडतो, म्हणून पहिल्या पाण्यात लिटरमागे दोन चमचे व्हिनेगर. कागदही चुना नसलेला घ्या. ‘अॅसिड-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कागदांत खडू मिसळलेला असतो आणि तोच निळा खातो. पिवळेपणा पूर्ण निघेपर्यंत धुवा. गडद निळा लगेच बघायचा असेल तर शेवटच्या पाण्यात चमचाभर हायड्रोजन पेरॉक्साइड. न घातलं तरी एक-दोन दिवसांत हवेनं तोच रंग येतो.